शून्याला शिवून परतलेला प्रवाह

२००१ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात चार पानांचा एक शोधनिबंध छापून आला. त्यातला एक आलेख पदार्थविज्ञानातल्या काही मंडळींना फार वर्षांपासून हवा होता. दिसायला तो साधाच होता. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर विजेचा प्रवाह. नमुना थंड करत नेला तसा प्रवाह आधी वाढला, मग घसरू लागला, घसरत घसरत शून्याला टेकला आणि आणखी थंड केल्यावर पुन्हा वर चढला.

अतिसंवाहकांच्या दुनियेत ही वागणूक रीतीला सोडून होती. थंडी वाढली की अतिसंवाहक बळकट होतो आणि त्याची विनारोध प्रवाह वाहून नेण्याची ताकद वाढते, हा तिथला रिवाज. इथे थंडी वाढताना प्रवाह मेला आणि आणखी थंडीत जिवंत झाला. जाणकारांनी त्याचा अर्थ लगेच लावला. असा विनारोध प्रवाह जास्तीत जास्त किती, हे मोजताना यंत्राला फक्त आकडा दिसतो, चिन्ह दिसत नाही. प्रवाह शून्याखाली, उणेत उतरला असला तरी कागदावर तो वर चढल्यासारखाच दिसणार. म्हणजे त्या शून्यापाशी प्रवाहाने आपले चिन्ह बदलले होते.

प्रयोग झाला होता मॉस्कोजवळच्या चेर्नोगोलोव्का या विज्ञाननगरीतल्या घनस्थिती भौतिकी संस्थेत, व्हालेरी र्‍याझानोव्ह यांच्या गटात. निओबियमच्या दोन अतिसंवाहक थरांमध्ये त्यांनी चुंबकीय मिश्रधातूचा एक थर घातला होता. एरवी अतिसंवाहकतेचा गळा घोटणाऱ्या चुंबकाने या जागी तिचा जीव घेतला नाही, तिचे चिन्ह तेवढे फिरवले. हे घडू शकते असे भाकीत १९७७ सालचे. ते डोळ्यांनी दिसायला चोवीस वर्षे का लागली, हे समजण्यासाठी आधी या दोघांचे वैर किती जुने होते ते पाहायला हवे.

जुने वैर

१९११ च्या एप्रिलमध्ये हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात हाइके कामरलिंग ओन्नेस यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसला, एकाएकी नाहीसा झाला. हेलियम वायूचे द्रवात रूपांतर करण्याचे कसब १९०८ पासून याच प्रयोगशाळेकडे होते, म्हणून ही थंडी गाठता आली. रोधच नाही तर तार तापणार नाही, मग हवा तेवढा प्रवाह सोडून प्रचंड ताकदीचे विद्युतचुंबक बनवता येतील, असा ओन्नेस यांचा मनसुबा होता. एक लाख गाउसच्या चुंबकाची भाषा त्यांनी १९१३ साली केली.

वर्षभरातच तो मनसुबा कोसळला. शिशाच्या तारेची अतिसंवाहकता काही शेकडो गाउसच्या चुंबकीय क्षेत्रातच विरघळत होती. जिचा चुंबक बनवायचा, ती अवस्था चुंबकाच्या सावलीलाही उभी राहत नव्हती. १९३३ मध्ये बर्लिनला वाल्टर माइसनर आणि रॉबर्ट ऑक्सेनफेल्ड यांनी या वैराची दुसरी बाजू दाखवली. अतिसंवाहकही चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंगात शिरू देत नाही, बाहेर ढकलून देतो.

१९५६ मध्ये मॉस्कोच्या विताली गिन्झबर्ग यांनी लोहचुंबकत्व आणि अतिसंवाहकता एका घरात का नांदू शकत नाहीत याचा सैद्धांतिक विचार मांडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी अतिसंवाहकतेचे मूळ उकलले आणि वैराचे खरे कारण हाती आले. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन एकटे फिरत नाहीत, जोडीने फिरतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकला चुंबक. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात, आणि तो वर किंवा खाली असतो. जोडीतल्या एकाचा स्पिन वर, तर दुसऱ्याचा खाली. फुगडी खेळणाऱ्या दोघी जशा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला कलतात आणि त्या विरुद्ध ओढीवरच फुगडी टिकते, तसेच हे. लोहचुंबकाचा आग्रह याच्या नेमका उलटा. तिथे सगळ्या स्पिनांनी एकाच बाजूला कलायचे असते. दोघी एकाच बाजूला कलल्या की फुगडी मोडते.

प्रयोगांनी याला दुजोरा दिला. १९५८ मध्ये बेल प्रयोगशाळेत बर्न्ड मॅथियास आणि सहकाऱ्यांनी लँथेनम धातूत दुर्मिळ मृदा धातू चिमूटचिमूट मिसळून पाहिले. गॅडोलिनियमचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास गेले की लँथेनमची अतिसंवाहकता संपत होती. कुठला धातू किती घात करतो हे त्याच्या एकूण चुंबकीय ताकदीवरून ठरत नव्हते, त्याच्या स्पिनवरून ठरत होते. १९७७ मध्ये तर एर्बियम, र्‍होडियम आणि बोरॉनच्या एका संयुगात हे भांडण एकाच तुकड्यात चाललेले दिसले. ८.७ केल्विनला ते अतिसंवाहक झाले, ०.९ केल्विनच्या आसपास त्यात लोहचुंबकत्व जागे झाले आणि अतिसंवाहकता हाकलली गेली.

या वैराला तडजोडीचेही काही पदर आहेत, आणि त्यातला एक मुंबईत उलगडला. १९९४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सापडल्याचे जाहीर केले. निकेलसारखा चुंबकीय धातू घरात असून हे घडत होते. याच कुटुंबातल्या होल्मियम आणि एर्बियमच्या संयुगांत पुढे चुंबकीय शिस्त आणि अतिसंवाहकता एकाच छपराखाली राहताना दिसली.

पण आपल्या कथेतल्या दोघांची गाठ एका तुकड्यात पडत नाही. ते शेजारी शेजारी, एकमेकांना चिकटलेल्या थरांत राहतात. त्यासाठी आधी थर रचण्याची कला यावी लागली.

काचपट्टीवरचे थर

१९६० मध्ये अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत इवार येवर नावाचा नॉर्वेजियन तरुण काम करत होता. शिक्षण यांत्रिक अभियांत्रिकीचे, पदार्थविज्ञान तो नोकरी सांभाळून शिकत होता. वर्गात अतिसंवाहकांतल्या ऊर्जेच्या फटीविषयी, म्हणजे जोडी मोडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेविषयी, ऐकले आणि ती फट विजेने थेट मोजता येईल असे त्याच्या मनात आले. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर त्याने ॲल्युमिनियमचा पट्टा चढवला, हवेत त्याला ऑक्साइडची पातळ कातडी धरू दिली आणि वरून शिशाचा आडवा पट्टा टाकला. ऑक्साइड म्हणजे विद्युतरोधक, त्यातून वीज जायला नको. पण कातडी काही नॅनोमीटरच जाड असेल, तर क्वांटम नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून पलीकडे निघतात. याला टनेलिंग म्हणतात, भिंतीतला बोगदाच जणू. शिसे अतिसंवाहक होताच व्होल्टता आणि प्रवाह यांचा आलेख वाकला आणि ऊर्जेची फट त्यात स्पष्ट उमटली.

येवरच्या या थरांच्या जोडणीतून, म्हणजे जंक्शनमधून, इलेक्ट्रॉन एकेकटे जात होते. जोडीने जातील का? १९६२ मध्ये केंब्रिजच्या बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने कागदावर उत्तर काढले: जातील, आणि व्होल्टता मुळीच न लावता जातील. अतिसंवाहकतेच्या सिद्धांताचे एक जनक खुद्द जॉन बार्डीन यांना हे पटले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या शीतभौतिकी परिषदेत दोघांचा जाहीर वाद झाला. १९६३ च्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेच्या फिलिप अँडरसन आणि जॉन रॉवेल यांनी जोसेफसनचा प्रवाह प्रत्यक्ष दाखवला आणि वाद मिटला. येवर आणि जोसेफसन यांना १९७३ चे नोबेल मिळाले, सोबत लिओ इसाकी यांनाही.

जोसेफसनच्या सूत्रातच आपल्या कथेचे बीज आहे. अतिसंवाहकातल्या सगळ्या जोड्या मिळून एकच लाट बनते. चंद्राला कला असतात तशा लाटेलाही असतात: या क्षणी ती माथ्यावर आहे, तळाशी आहे की अधेमधे. जंक्शनच्या अलीकडची आणि पलीकडची लाट यांच्या कलांत फरक असेल तर प्रवाह वाहतो, आणि तो त्या फरकाच्या साइनच्या प्रमाणात असतो. जास्तीत जास्त जो प्रवाह व्होल्टतेविना वाहू शकतो तो क्रांतिक प्रवाह. त्याच्या पलीकडे गेले की जंक्शनवर व्होल्टता उमटते आणि प्रवाह कंप पावू लागतो, दर मायक्रोव्होल्टला सेकंदाला ४८ कोटींहून जास्त वेळा.

क्रांतिक प्रवाह किती असावा, याचा हिशेब १९६३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ विनय आंबेगावकर आणि त्यांचे सहकारी अ‍ॅलेक्सिस बॅराटॉफ यांनी मांडला. क्रांतिक प्रवाहाला जंक्शनच्या नेहमीच्या रोधाने गुणले की येणारी व्होल्टता फक्त ऊर्जेच्या फटीवर आणि तापमानावर ठरते. निओबियमसाठी ती निरपेक्ष शून्यापाशी दोन मिलिव्होल्टच्या आसपास येते. तापमान उतरेल तसा हा आकडा चढतो आणि शेवटी सपाट होतो. त्यात कुठे घसरण नाही, शून्य नाही. पुढे चुंबकीय जंक्शनांची मोजमापे ज्या सरळमार्गी आलेखाशी ताडून पाहिली गेली, तो हा आंबेगावकर–बॅराटॉफ आलेख.

कागदावरचे उणे

भिंतीत चुंबक असला तर? १९७७ मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव्ह संस्थेतल्या लेव्ह बुलायेव्हस्की, कुझी आणि सोब्यानिन यांनी हा प्रश्न विचारला. ऑक्साइडच्या भिंतीत चुंबकीय अणू विखुरलेले आहेत आणि जोडीतले इलेक्ट्रॉन त्यांच्यावरून उडी घेत पलीकडे जातात, असे त्यांनी कल्पिले. चुंबकीय अणूवरून जाताना इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटू शकतो, आणि मग पलीकडे पोचलेल्या जोडीत दोघांची अदलाबदल झालेली असते. इलेक्ट्रॉनांचा एक कडक नियम आहे: दोघांची अदलाबदल झाली की त्यांच्या लाटेला उणे चिन्ह लागते. अशा उड्या पुरेशा झाल्या तर सगळ्या प्रवाहालाच उणे चिन्ह लागेल.

उणे चिन्ह म्हणजे काय, हे कलांच्या भाषेत सोपे आहे. साध्या जंक्शनला दोन्ही बाजूंच्या कला सारख्या हव्या असतात, ती त्याची विसाव्याची स्थिती. उणे चिन्हाच्या जंक्शनला विसावा मिळतो तो कला अर्ध्या फेऱ्याने वेगळ्या असताना. एकीकडे पौर्णिमा, तर दुसरीकडे अमावास्या. गणितात अर्ध्या फेऱ्याला पाय म्हणतात, म्हणून याचे नाव पडले पाय जंक्शन, आणि साध्याला म्हणू लागले शून्य जंक्शन.

या तिघांनी एक आणखी नवलाची गोष्ट लिहिली. अतिसंवाहक तारेचे कडे करून त्यात असे एक जंक्शन बसवले, तर कड्यात आपोआप प्रवाह फिरू लागेल. बॅटरी नको, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नको. कड्याभोवती एक फेरी मारून आले की लाटेची कला जुळली पाहिजे, पण वाटेतल्या जंक्शनने अर्धा फेरा मागितलेला असतो. कडे पुरेसे मोठे असेल तर तो हिशेब प्रवाह स्वतःच फिरून पुरा करतो.

१९८२ मध्ये बुलायेव्हस्की, अलेक्सांद्र बुझदिन आणि पान्युकोव्ह यांनी चित्र बदलून मांडले. भिंतीत विखुरलेल्या अणूंऐवजी दोन अतिसंवाहकांमध्ये अखंड लोहचुंबकीय धातूचा थर ठेवला. धातूच्या सीमेवरून जोड्या थोड्या आत घुसतातच. आत वरच्या स्पिनची आणि खालच्या स्पिनची ऊर्जा वेगळी असते, त्यामुळे जोडीतल्या दोघांचे वेगही सारखे राहत नाहीत. त्यातून जोडीच्या लाटेला अंतराबरोबर हेलकावे पडतात: अधिक, शून्य, उणे, शून्य, पुन्हा अधिक. अशा हेलकाव्यांची कल्पना १९६४ मध्ये अमेरिकेत फुल्डे आणि फेरेल यांनी, आणि स्वतंत्रपणे सोव्हिएत रशियात लार्किन आणि ओव्हचिनिकोव्ह यांनी मांडली होती. बुझदिन आणि सहकाऱ्यांच्या हिशेबात लोहचुंबकाची जाडी बदलत नेली की जंक्शन शून्याचे पाय होते आणि पायाचे पुन्हा शून्य.

कागदावर सगळे जुळले, पण हातात काही लागेना. कारण हेलकाव्यांबरोबर लाट विझतही जाते. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांसारख्या तगड्या चुंबकांत ती जेमतेम नॅनोमीटरभर जगते. एक नॅनोमीटर म्हणजे चार-पाच अणूंची जाडी. एवढ्या पातळ थरात अर्ध्या अणूचा खडबडीतपणाही अधिकाचे उणे करून टाकतो. जंक्शनच्या एका कोपऱ्यात एक चिन्ह आणि दुसऱ्यात दुसरे झाले की निष्पन्न काही राहत नाही.

कमजोर चुंबकाची ताकद

वाट निघाली ती कमजोर चुंबकाच्या बाजूने. तांब्यात निकेल मिसळत नेले तर निम्म्याच्या जवळ पोचल्यावर मिश्रण लोहचुंबकीय होते, पण फार नाइलाजाने. चेर्नोगोलोव्कात वापरलेल्या मिश्रणाचे चुंबकत्व वीस-तीस केल्विनच्या वर टिकत नव्हते. असा चुंबक जोड्यांना हळूच हेलकावतो. लाट दहा-वीस नॅनोमीटर जगते, आणि एवढी जाडी भरवशाने घालता येते. दुसरी सोय तापमानाची. चुंबक इतका कमजोर की उष्णतेचा धक्काही त्याच्या ताकदीच्या तोडीचा ठरतो, त्यामुळे तापमान बदलले की हेलकाव्याची लांबीही जराशी बदलते. जाडी नेमकी शून्याच्या काठावर ठेवली, तर नमुना न बदलता नुसते थंड करून त्याला एका चिन्हातून दुसऱ्यात ढकलता येते. सुमारे २२ नॅनोमीटरच्या थराने ते करून दाखवले. सुरुवातीला सांगितलेला आलेख तोच.

मोजमाप मात्र सोपे नव्हते. सगळे थर धातूचे, त्यामुळे जंक्शनचा रोध ओहमच्या लाखाव्या भागाइतका आणि त्यावर पडणारी व्होल्टता व्होल्टच्या अब्जाव्या भागाहूनही खाली. ती टिपायला स्क्विडवर आधारलेला व्होल्टमीटर लागला. स्क्विड म्हणजे जोसेफसन जंक्शन बसवलेले अतिसंवाहक कडे, चुंबकीय क्षेत्राचा अतिशय नाजूक मापक. एका जोसेफसन जंक्शनचे चिन्ह ओळखायला दुसरे जोसेफसन जंक्शन साक्षीला बसवावे लागले.

निबंधावर रशियनांसोबत हॉलंडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या अलेक्सांद्र गोलुबोव्ह यांचे नाव होते, आणि लायडनच्या यान आर्ट्स यांचेही. आर्ट्स यांची प्रयोगशाळा कामरलिंग ओन्नेस यांच्या नावाची. चुंबकापुढे अतिसंवाहकता हरते हे जिथे पहिल्यांदा कळले, त्या गावाचा हात या निबंधातही होता.

पुढे २००६ मध्ये याच गटाने बुझदिन यांच्याबरोबर जाडीचा पुरा पट उलगडला. तांबे-निकेलच्या थराची जाडी पायरीपायरीने वाढवत नेल्यावर प्रवाह दोनदा शून्याला शिवला, ११ नॅनोमीटरच्या आसपास एकदा आणि २२ च्या आसपास पुन्हा. शून्य, पाय आणि परत शून्य.

भिंत आणि चुंबक

धातूच्या जंक्शनला एक मर्यादा होती. रोध एवढा कमी, की त्याची विजेची वागणूक मंद आणि दबलेली. व्होल्टता इवलीशी, स्विच म्हणून वापरायला कुचकामाची. उपाय होता येवरच्या भिंतीकडे परतणे: अतिसंवाहक, मग ऑक्साइडची कातडी, मग चुंबकाचा पातळ थर, मग पुन्हा अतिसंवाहक. भिंत रोध वाढवते, चुंबक चिन्ह ठरवतो.

पॅरिसजवळच्या ऑर्से इथे ताकिस कोन्तोस, मार्को आप्रिली आणि सहकाऱ्यांनी हे २००२ मध्ये साधले. निओबियम, ॲल्युमिनियम ऑक्साइड, पॅलेडियम-निकेल आणि निओबियम. त्यांच्याकडे चुंबकाचा थर काही नॅनोमीटरचाच होता आणि साडेसहा नॅनोमीटरच्या आसपास क्रांतिक प्रवाह शून्याला शिवून परतला. त्याआधीच, २००१ मध्ये, या गटाने एकेकट्या इलेक्ट्रॉनांच्या टनेलिंगने चुंबकाच्या थरातल्या ऊर्जेच्या अवस्था मोजल्या होत्या. येवरला जिथे खाच दिसली होती, तिथे जाड थरांत उंचवटा दिसला. फटच पालथी झाली होती. एकच उणे चिन्ह दोन वेगळ्या मोजमापांत दोन वेगळी रूपे घेऊन समोर आले.

जर्मनीत युलिश आणि ट्युबिंगेनच्या गटांनी २००६ मध्ये आणखी पुढची खेळी केली. मार्टिन वाइडेस आणि सहकाऱ्यांनी एकाच जंक्शनमध्ये निकेल-तांब्याच्या थराला एक बारीक पायरी दिली. अर्धे जंक्शन शून्य, अर्धे पाय, आणि दोन्हींचा क्रांतिक प्रवाह सारखा. साध्या जंक्शनला चुंबकीय क्षेत्रात ठेवून क्रांतिक प्रवाह मोजला, तर क्षेत्र शून्य असताना मधोमध उंच शिखर दिसते आणि दोन्ही बाजूंना लहान लहान टेकड्या. प्रकाश एका फटीतून गेल्यावर पडद्यावर उमटणाऱ्या पट्ट्यांसारखी ही नक्षी रॉवेलने १९६३ मध्येच पाहिली होती. या अर्ध्या-अर्ध्या जंक्शनमध्ये क्षेत्र शून्य असताना एका अर्धुकातून प्रवाह इकडे, तर दुसऱ्यातून तिकडे जाऊ पाहतो आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. म्हणून शिखराच्या जागी खळगा पडला आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन सारखी शिखरे उभी राहिली.

भिंतीमुळे जंक्शनच्या वागण्यात टनेलिंगचा खास गुणही परत आला. प्रवाह क्रांतिक सीमेपर्यंत वाढवत नेला तरी व्होल्टता शून्य राहते, सीमा ओलांडताच ती एकदम उडी मारते, आणि प्रवाह कमी करताना जंक्शन आल्या वाटेने परत येत नाही, वेगळ्याच वाटेने उतरते. अशी दोन वाटांची वागणूक म्हणजे स्मरण. मात्र आंबेगावकर–बॅराटॉफच्या आकड्यापुढे या जंक्शनांचा प्रवाह अगदीच तुटपुंजा होता. चुंबकातून जाण्याची किंमत प्रत्येक जोडीला मोजावीच लागत होती.

मग भिंत आणि चुंबक वेगळे कशाला ठेवायचे? ही वाट अमेरिकेतल्या एमआयटीत फार आधी सुरू झाली होती. १९७१ मध्ये पॉल टेड्रो आणि रॉबर्ट मेझर्वे यांनी अतिसंवाहक ॲल्युमिनियममधून निकेलमध्ये टनेलिंग करून वरच्या आणि खालच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन वेगळे मोजले होते. १९८८ मध्ये भारतातून तिकडे गेलेले जगदीश मुडेरा यांनी मेझर्वे आणि इतरांसह युरोपियम सल्फाइड या चुंबकीय विद्युतरोधकाचीच भिंत केली. ती दोन स्पिनांना सारखी उंच नसते. एकाला बुटकी, दुसऱ्याला उंच, त्यामुळे ती स्पिन चाळून घेते. अशी चाळण दोन अतिसंवाहकांमध्ये बसवली तर विरुद्ध स्पिनांच्या जोडीचे हालच व्हायचे. केंब्रिजच्या मार्क ब्लामायर यांच्या गटात कार्तिक सेनापती आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निओबियम नायट्राइडच्या दोन थरांत गॅडोलिनियम नायट्राइडची चाळण घालून अशी जोसेफसन जंक्शने बनवली. १९५८ मध्ये चिमूटभर पुरून लँथेनमचा घात करणारा गॅडोलिनियम इथे भिंत म्हणून उभा होता आणि जोड्या तरीही पलीकडे पोचत होत्या. २०१४ मध्ये अवरदीप पाल आणि सहकाऱ्यांनी अशाच जंक्शनांत प्रवाहाचा नेहमीचा भाग जवळजवळ नाहीसा झाल्याचे दाखवले. उरला तो कलांच्या दुप्पट फरकाच्या साइनने चालणारा भाग, म्हणजे जोड्यांच्याही जोडीने जाणारा प्रवाह.

दरम्यान वैराचा पाया असलेली फुगडीच बदलता येईल का, हाही प्रश्न पुढे आला. चुंबकाची दिशा थरागणिक वळवली तर जोडीतल्या दोघांचे स्पिन एकाच बाजूला वळू शकतात आणि अशी जोडी चुंबकात आरामात लांब जाते, असे २००१ मध्ये बर्जेरेट, व्होल्कोव्ह आणि एफेटोव्ह यांनी गणिताने दाखवले. २००६ मध्ये हॉलंडच्या डेल्फ्टमध्ये क्रोमियम डायऑक्साइड या एकाच स्पिनच्या चुंबकातून मायक्रोमीटरच्या पल्ल्यापर्यंत असा प्रवाह वाहताना दिसला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात तृप्ती खैरे, नॉर्मन बर्ज आणि सहकाऱ्यांनी कोबाल्टच्या जंक्शनांत, आणि केंब्रिजमध्ये जेसन रॉबिन्सन, विट आणि ब्लामायर यांनी कोबाल्टच्या दोन्ही अंगांना होल्मियम ठेवून त्याची पक्की साक्ष मिळवली. कोबाल्ट तगडा चुंबक. पूर्वी त्याच्यात जोडी जेमतेम नॅनोमीटरभर टिकत होती.

कड्यातला प्रवाह

२०१० च्या सुमाराला ही जंक्शने अतिसंवाहक मंडलांत सुटे भाग म्हणून बसू लागली. कलेला अर्धा फेरा द्यायचा असेल, तर बाहेरून तारेने चुंबकीय क्षेत्र पुरवण्याऐवजी मंडलातच एक पाय जंक्शन घालायचे. चुंबकाची दिशा फिरवून जंक्शनला शून्यातून पायात नेता येते, हेही मिशिगन स्टेटच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले. अतिसंवाहक संगणकांना गती आहे पण स्मरणशक्ती तोकडी आहे, आणि या जंक्शनांवर त्यांची स्मृती बेतता येईल, म्हणून त्यांच्यावर काम चालू आहे.

पण १९७७ च्या त्या निबंधाचे खरे ऋण फिटले ते २००४ मध्ये, जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला. क्रांतिक प्रवाहाच्या आलेखातून चिन्ह फक्त अनुमानाने कळत होते. ते थेट पाहायचे, तर बुलायेव्हस्कींनी सांगितलेले कडेच करायला हवे होते. बाउअर, श्ट्रुंक आणि सहकाऱ्यांनी निओबियमचे सूक्ष्म कडे केले, त्यात पॅलेडियम-निकेलचे पाय जंक्शन बसवले आणि कड्याला लागून एक बारीक हॉल संवेदक ठेवला. बाहेरचे क्षेत्र काढून घेतले, कडे थंड केले, आणि संवेदकाने कड्यातून चुंबकीय रेषा येताना टिपल्या. कोणी काही न ढकलता प्रवाह फिरत होता.

तो उजवीकडून फिरेल की डावीकडून, हे उणे चिन्ह ठरवत नाही. दोन्ही दिशा त्याला सारख्याच. थंड होताना ज्या बाजूला जरासा कल पडेल ती एक दिशा कडे धरते आणि मग सोडत नाही.